विषाची परीक्षा

'विषाची परीक्षा घेऊ नये' असे आपल्याकडे वडील माणसे तरुणांस बजावीत आली आहेत. हा उपदेश मोठ्या माणसास समजतो; ज्यास तो खरोखर हवा त्यास मात्र तो समजणे शक्य नाही. रांगू लागलेले मूल जगाची ओळख करून घेते ती जिभेने. हातास लागेल ती वस्तू तोंडात घालणे हाच त्याचा अभ्यास; साखर कोणती आणि सोमल कोणता, हा भेद त्या अभ्यासक्रमात अजून आलेला नसतो. जी परीक्षा कोणी शहाणा माणूस घेणार नाही, ती आपल्या प्रत्येक घरातील दीड-दोन वर्षांचे मूल दिवसातून दहा वेळा घेत असते, आणि बहुतेक वेळा ते निभावते म्हणून आपण निर्धास्त असतो.

राजघराण्यांतील विषप्रयोगांच्या कथांनी इतिहासाची पाने भरलेली आहेत. कोणत्या सरदारास कोणी, कशातून व कोणत्या लोभाने विष घातले, याविषयी पंडितांचे वाद अजून मिटलेले नाहीत. परंतु कोणाच्याही मनात वैर नसता, भर दुपारी, आपल्याच घरात मुलाच्या पोटात जे विष जाते, त्याचा इतिहास लिहावा असे क्वचितच कोणास वाटते. याचे कारण उघड आहे. असा प्रसंग घडला की 'आईने लक्ष नको का ठेवायला?' या एका प्रश्नात सारी चौकशी आटोपते. दोष आईच्या पदरी पडला की घर मोकळे, दुकानदार मोकळा, कारखानदार मोकळा आणि सरकारही मोकळे.

आमचे म्हणणे असे की, इतिहासाची साक्ष या निकालाच्या विरुद्ध आहे. गेल्या दीडशे वर्षांत जेथे जेथे मुले विषापासून वाचली, तेथे ती मुख्यतः आयांना केलेल्या उपदेशाने वाचली नाहीत. विषाचे रूप बदलले, ते ठेवण्याचे भांडे बदलले, ते विकण्याची रीत बदलली, किंवा ज्या अडचणीमुळे विष घरात शिरले ती अडचण दूर झाली, तेव्हा ती वाचली. मुंबईच्या गिरणगावातील खोलीपासून कोल्हापूर जिल्ह्यातील बिद्रीच्या ऊसपट्ट्यापर्यंत हा धागा कसा गेला आहे, ते येथे पाहू.

प्रथम जुन्या घरातील गोष्ट घेऊ. 'बाळकडू' हा शब्द आज आपण संस्काराच्या अर्थी वापरतो. मूळ बाळकडू म्हणजे तान्ह्या मुलास चाटविण्याचे कडू औषध. वेखंड, मुरुडशेंग, हिरडा, सुंठ, हळकुंड, जायफळ अशा जिनसांचे सहाणेवर ठरावीक वेढे उगाळून गुटी द्यावयाची, ही आजीची विद्या होती. वेढा एक की दोन, याची तिला मोजदाद असे. कारण मात्रा चुकली तर औषधाचे अपाय होतात हे ती अनुभवाने जाणत असे. या विद्येच्या सावलीत आणखी एक जिन्नस घरोघर वावरत होती, ती म्हणजे अफू. मूल रडू नये, त्याने शांत झोपावे, म्हणून मोहरीएवढी अफू त्याच्या तोंडास लावणे, ही चाल केवळ गोरगरिबांचीच नव्हती. ब्रिटिश सरकारने १८९३ साली अफूविषयी जो रॉयल कमिशन नेमला, त्याच्यापुढील साक्षींत हिंदुस्थानच्या निरनिराळ्या भागांतील या चालीची नोंद आहे.

ही चाल मुंबईच्या गिरण्यांच्या काळात वेगळ्याच स्वरूपास पोचली. कोकणातून व घाटावरून आलेल्या स्त्रिया गिरणीत दिवसाचे दहा-अकरा तास काम करीत. मागे चाळीच्या खोलीत तान्हे मूल असे. सांभाळावयास फार तर शेजारची म्हातारी किंवा सहा-सात वर्षांची बहीण. अशा मुलास सकाळी अफूची 'बाळगोळी' द्यावयाची आणि ते झोपेत असता कामावर जावयाचे, हा नित्यक्रम होऊन बसला. मुंबई सरकारने गिरणीकामगार स्त्रियांच्या बाळंतपणाची चौकशी डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांकडून करविली. १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात अशा स्त्रियांच्या १०० पैकी ९८ मुलांस अफू दिली जाते असे नमूद आहे. हा आकडा वाचून आपण थबकतो. शंभरांत अठ्ठ्याण्णव आया निष्काळजी किंवा निर्दय असणे संभवत नाही. जेथे इतक्या जणी एकच गोष्ट करतात, तेथे दोष स्वभावात शोधू नये, परिस्थितीत शोधावा.

अफूचा धोका असा की तान्ह्या मुलास सोसणारी मात्रा आणि त्याचा श्वास मंदावणारी मात्रा यांत अंतर फार थोडे. हाताने वळलेल्या दोन गोळ्यांत अफू सारखी असेलच असे नाही. अशक्त किंवा आजारी मुलास कालची गोळी आज जड होते. संध्याकाळी आई परत येई तो मूल जागे होत नसे. यास खून म्हणता येत नाही, आणि केवळ अपघात म्हणून सोडूनही देता येत नाही.

यावर उपाय काय झाले ते पाहण्यासारखे आहे. व्याख्याने झाली, पत्रके निघाली. त्यांचा उपयोग नाही असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्या स्त्रीस उद्या कामावर गेलेच पाहिजे आणि मूल ठेवावयास जागा नाही, तिला अफूचे दुष्परिणाम समजावून देऊन काय होणार? खरी हालचाल झाली ती कायद्यांनी. मुंबई इलाख्यात १९२९ साली बाळंतपणाच्या रजेचा व भत्त्याचा कायदा झाला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली कायदेमंडळात त्या विधेयकाचा पुरस्कार केला होता. १९३४ च्या फॅक्टरी कायद्याने पन्नासाहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांस मुलांसाठी खोली ठेवण्याची सक्ती करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांस दिला, आणि १९४८ च्या कायद्याने पाळणाघर बंधनकारक झाले. पुढे १९४९ साली अफूची खुली विक्री दहा वर्षांत बंद करण्याचे ठरले, आणि १९५९ मध्ये ती बंद झाली. मुलाच्या तोंडची बाळगोळी सुटावयास आईस थोडी रजा, मुलास एक पाळणा आणि दुकानास एक कुलूप, या तिन्ही गोष्टी लागल्या.

ही केवळ आपल्या देशाची कहाणी आहे असे समजण्याचे कारण नाही. ज्या इंग्लंडातून गिरण्या आल्या, तेथील गिरणगावांतही अफूमिश्रित पाक मुलांस पाजीत असत. सोमलाची कथा तर अधिक बोधप्रद आहे. सोमल पांढरा, चव नसलेला, पिठात व साखरेत सहज मिसळून जाणारा. १८५१ साली इंग्लंडने कायदा केला की किरकोळ विकावयाच्या सोमलात काजळी किंवा नीळ मिसळून त्यास रंग द्यावा. विषास त्याचे पांढरे, निरुपद्रवी रूप घेऊन वावरू द्यावयाचे नाही, ही कल्पना मोठी मार्मिक होती. परंतु घाऊक मालास ती लागू नव्हती. १८५८ साली ब्रॅडफर्ड येथे मिठाई करणाऱ्याकडे स्वस्त पांढऱ्या भुकटीऐवजी चुकून सोमल गेला, त्याच्या गोळ्या बाजारात विकल्या गेल्या, आणि वीसएक माणसे दगावली. पहिले बळी लहान मुलांचे होते. या हाहाकारानंतर विष कोणी विकावे व त्यावर काय लिहावे याचे नियम कडक करण्याची चळवळ जोरात आली, आणि १८६८ चा औषधविक्रीचा कायदा झाला. आपल्याकडेही १९०४ व १९१९ साली विषांच्या विक्रीवर परवाने घालणारे कायदे झाले.

अफू व सोमल यांच्यावर असे कुलूप पडत असतानाच आपल्या घरात तिसरे विष राजरोस दिवा घेऊन आले. समईत गोडे तेल जळे तोवर दिव्याच्या तेलाचे मुलास भय नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून व रशियातून पत्र्याच्या डब्यांत खनिज तेल येऊ लागले. लोकांनी त्यास घासलेट म्हटले, रॉकेल म्हटले, आणि रिकाम्या डब्यांतून पाणी भरण्यापासून धान्य साठविण्यापर्यंत सारा संसार चालविला. त्या दिव्याखाली आमच्या पूर्वजांच्या दोन-तीन पिढ्या शिकल्या. त्याचे उपकार नाकारता येणार नाहीत. परंतु डबा मोठा आणि गरज लहान. म्हणून रोजच्या वापराचे तेल सोड्याच्या किंवा दारूच्या रिकाम्या बाटलीत काढून, तोंडास चिंधीचा बोळा घालून, चुलीजवळ किंवा मोरीजवळ ठेवण्याची रीत पडली. रंगाने पाण्यासारखे, ठेवलेले पिण्याच्या बाटलीत, आणि मुलाच्या हाताच्या उंचीवर. उन्हाळ्यात तहानलेल्या मुलाने ती बाटली तोंडास लावावी यात नवल ते काय? लहान मुलांच्या आकस्मिक विषबाधेत घासलेटाचे नाव भारतातील इस्पितळांच्या नोंदींत दीर्घकाळ अग्रभागी राहिले.

घासलेटाच्या बाबतीत एक शास्त्रीय गोष्ट प्रत्येक घरास ठाऊक असावयास हवी. ते पोटात राहिले तर तुलनेने कमी अपाय करते. श्वासावाटे फुप्फुसात उतरले म्हणजे प्राणघातक ठरू शकते. म्हणून मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोटे घालून ओकारी काढणे हा जो पिढीजात उपाय, तोच येथे घात करतो. कारण वर येताना तेल पुन्हा फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. दक्षिण आफ्रिकेत घासलेटासाठी मुलांस न उघडणाऱ्या झाकणाची भांडी घरोघर देऊन पाहिली, तेव्हा असे प्रसंग जवळजवळ निम्म्याने घटल्याचे १९९४ साली प्रसिद्ध झाले. येथे आयांचे स्वभाव पालटले नव्हते. झाकण तेवढे पालटले होते. आपल्याकडे वीज आली, मागाहून स्वयंपाकाचा गॅस आला आणि घासलेट घरातून मागे हटले.

येथपर्यंतची कथा शहराची आणि चुलीची झाली. आता शेतातून घरात येणाऱ्या विषाकडे वळू. आणि त्यासाठी बिद्रीसारखे दुसरे चांगले ठिकाण नाही. कोल्हापुराहून गारगोटीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील कागल तालुक्यातील हे गाव दूधगंगेच्या खोऱ्यात वसले आहे. दूधगंगा आणि वेदगंगा या दोन नद्यांची नावे धारण करणारा सहकारी साखर कारखाना येथे आहे, आणि जिल्ह्यात 'बिद्री' म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे तोच उभा राहतो. सभोवार नजर पोचेल तेथपर्यंत ऊस. या उसाने खेड्यातील घर पक्के केले, मुलांस कॉलेजात धाडले. आणि या उसाबरोबरच हुमणीचे औषध, खोडकिडीचे औषध, तणाचे औषध अशा नावांनी नवी विषे उंबरठ्याच्या आत आली. त्यांस 'औषध' म्हणण्याची आपली रीतच मुळी घातक आहे. मोठ्या माणसास संदर्भाने अर्थ कळतो; ज्या मुलास खोकल्याचे गोड औषध चमच्याने मिळते, त्याला हे दुसरे औषध वेगळे कसे वाटावे?

हुमणीसाठी उसाच्या सरीत टाकण्यात येणारे फोरेट नावाचे दाणेदार कीटकनाशक पुष्कळ वर्षे आपल्या शेतकऱ्यांच्या परिचयाचे होते. अत्यंत जहाल अशा विषांत त्याची गणना होते. त्याच्या वापरावर केंद्र सरकारने २०१८ साली निर्बंधाचा हुकूम काढला आणि २०२० च्या अखेरीपासून ते पूर्णतः बंद केले. त्यापूर्वी १९९० साली एन्ड्रीन बंद झाले होते. ते नाव मराठी मुलखात इतके रुजले होते की कोणत्याही कीटकनाशकास लोक एन्ड्रीनच म्हणत. विष बाजारातूनच काढून घेणे हा उपायांतील सर्वांत खात्रीचा उपाय होय.

कीटकनाशकांच्या कायद्याचा जन्मही एका मोठ्या दुर्घटनेतून झाला, आणि तिचा उगम मुंबईच्या बंदराशी जोडलेला आहे. १९५८ साली मुंबईहून केरळास निघालेल्या जहाजात गव्हाचे पीठ व साखर यांच्याजवळच पॅराथिऑन नावाचे कीटकनाशक ठेविले होते. ते गळून अन्नात मुरले, आणि ते अन्न खाऊन शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. या प्रकारानंतर चौकशी झाली व पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. त्याखालील १९७१ च्या नियमांनी प्रत्येक डब्यावर तांबडा, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग छापण्याची सक्ती केली. तांबडा सर्वांत जहाल, हिरवा त्या मानाने सौम्य. ज्यास वाचता येत नाही त्यासही रंगावरून धोका उमगावा, हा हेतू. सोमलात नीळ कालविणाऱ्यांचीच ही दृष्टी होती.

परंतु कायद्याचा हात दुकानाच्या पायरीपर्यंत पोचतो. लिटरभर औषधातील पाव भाग शेजाऱ्यास हवा असतो, किंवा उरलेले पुढच्या फवारणीस ठेवावयाचे असते. मग ते सरबताच्या अथवा पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत ओतले जाते, आणि त्या क्षणी तांबडा रंग, कवटीचे चित्र व मराठीतील इशारा ही सारी व्यवस्था निकामी होते. घासलेटाची बोळा घातलेली बाटली आपल्या घरातून गेली असे आपण समजत होतो. ती केवळ स्वयंपाकघरातून उठून गोठ्याच्या वळचणीस जाऊन बसली. आमच्या मते या साऱ्या इतिहासातून काढावयाचा पहिला नियम हाच की, विष त्याच्या मूळ भांड्यातून दुसऱ्या भांड्यात, विशेषतः खाण्यापिण्याच्या भांड्यात, कधीही जाऊ नये. दुसरा नियम, त्याची जागा राहत्या घराबाहेर आणि कुलपात असावी. नुसती उंच फळी पुरत नाही, कारण मूल वाढते आणि स्टूल ओढावयास शिकते.

आमचे वाचक बहुतेक शहरातील सुशिक्षित कुटुंबांतील आहेत. शेतीच्या विषाशी आपला संबंध नाही असे त्यांस वाटेल. त्यांनी आपल्याच घरात एकदा गुडघ्यांवर बसून, मुलाच्या उंचीवरून पाहावे. देवघरात कापराच्या वड्या आहेत. त्या खडीसाखरेसारख्या दिसतात, आणि थोडा कापूर पोटात गेला तरी लहान मुलास थोड्याच वेळात झटके येऊ शकतात. कपाटात डांबराच्या गोळ्या आहेत. सर्दीसाठी आणलेले नीलगिरीचे तेल आहे. गर्भवती सुनेच्या रक्तवाढीसाठी दिलेल्या लोहाच्या तांबड्या, गुळगुळीत गोळ्या आहेत. मोठ्यांस त्या उपकारक, पण मूठभर गिळल्या तर मुलास प्राणघातक. आजोबांच्या उशाशी रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या गोळ्या आहेत, आणि त्यांतील काही तर एक-दोन गोळ्यांतच बालकास संकटात लोटतात. त्यातून 'गोड गोड गोळी आहे, खा हं बाळ' असे म्हणून औषध देणारे आपण सुशिक्षितच असतो!

औषधाच्या गोळ्यांवरचा उपायही पुन्हा झाकणातूनच आला. कॅनडातील विंडसर शहरी डॉ. हेन्री ब्रो या बालरोगतज्ज्ञांनी विषबाधा झालेल्या मुलांवर उपचार करता करता कंटाळून १९६७ साली दाबून फिरवावयाच्या झाकणाचा पुरस्कार केला. त्यांच्या परगण्यात मुलांच्या विषबाधेचे प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक घटले असे सांगतात. अमेरिकेने १९७० साली असे आवरण सक्तीचे करणारा कायदा केला. आपल्याकडे सर्व औषधांस असे झाकण अद्याप सक्तीचे नाही. ते व्हावे म्हणून मागणी करणे हे सुशिक्षितांचेच काम आहे. अपघातग्रस्त घर तेव्हा मागणी करण्याच्या अवस्थेत नसते.

इतके करूनही प्रसंग आलाच तर काय करावे, हेही सांगितले पाहिजे. तोंडात उरलेला पदार्थ पुसून काढावा, ओकारी काढू नये, मीठपाणी, तूप किंवा दूध पाजीत वेळ दवडू नये. बाटली किंवा गोळ्यांचे पाकीट बरोबर घेऊन मुलास तत्काळ इस्पितळात न्यावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत १९९५ पासून राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे; १८०० ११६ ११७ हा त्याचा क्रमांक घरातील सर्वांस दिसेल असा लिहून ठेवावा. मूल बरे दिसते म्हणून घरीच थांबू नये. पुष्कळ विषे काही तासांनी आपला प्रभाव दाखवितात.

शेवटी पुन्हा ऊसपट्ट्याकडे येऊ. गळिताचा हंगाम सुरू झाला की बीड व अन्य दुष्काळी भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांच्या मुलखात उतरतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे हिशेबात एक 'कोयता'. पहाटे अंधारात ती दोघे फडात जातात. मागे कोपीत, किंवा फडाच्या बांधावर, तान्हे मूल आणि त्यास सांभाळणारी सहा-सात वर्षांची बहीण. शंभर वर्षांपूर्वी चाळीच्या खोलीत होते तेच हे दृश्य. गिरणीच्या भोंग्याच्या जागी कोयता आला इतकाच फरक. कोपीत कुलपाचे कपाट नाही, उंच फळी नाही; बांधावर कोणत्या रिकाम्या डब्यात काय होते हे बहिणीस ठाऊक नाही. या आईस 'लक्ष ठेव' म्हणून सांगणारा समाज बार्न्सबाईंचा अहवाल विसरला आहे, असे म्हणावे लागेल. अशा मुलांसाठी साखरशाळांचे प्रयत्न महाराष्ट्रात झाले आहेत; पण शाळेत जावयाच्या आधीच्या वयाच्या मुलास शाळा नव्हे, पाळणाघर हवे. ज्या मुलखात सहकाराने नद्यांचे पाणी शेतास आणि उसास कारखाना मिळवून दिला, त्या मुलखास फडाशेजारी एक पाळणाघर व प्रत्येक गावी विषाच्या डब्यांसाठी एक कुलपाची खोली अवघड असू नये. मूल विषाची परीक्षा घेणारच, तो त्याचा वयोधर्म आहे. विष त्याच्या हाती न लागू देणे हा आपला.